दुखणे दाताचे की देहाचे?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की घरातल्या वडीलधाऱ्यांचे दोन तट पडतात. एक चकलीकडे धीटपणे हात नेणाऱ्यांचा आणि दुसरा, 'मला आपला रव्याचा लाडूच बरा', असे म्हणून हळूच मऊ पदार्थाकडे वळणाऱ्यांचा. या दुसऱ्या तटातील मंडळींना विचारले तर ती सांगतात, 'वय झाले, दुसरे काय!' वयावर ढकलले की प्रश्न मिटतो. वय बिचारे उलटून बोलत नाही.

आपल्या मराठीने दातांना कामे तरी किती दिली आहेत! आपण रागाने दातओठ खातो, वैर्‍यावर दात धरतो, भीतीने आपली दातखीळ बसते आणि मास्तर शिकवून शिकवून दातांच्या कण्या करतात. (हा शेवटचा अनुभव प्रस्तुत लेखक गेली अठरा वर्षे घेत आहे.) पण या साऱ्या वाक्प्रचारांत दात कसा एकटाच वावरतो. त्याचे रक्ताशी काही नाते असेल, मूत्रपिंडाशी असेल, रोज सकाळी चहाबरोबर घेतल्या जाणाऱ्या पांढऱ्या गोळीशी असेल, अशी शंकाही भाषेला आलेली दिसत नाही. घरातही तोच प्रकार. गोळ्यांचा डबा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आणि दात घासायचे सामान मोरीपाशी. दोघांची गाठ म्हणून पडत नाही. आमच्या कामठीतल्या एका आजोबांना दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काकाजी, गोळ्या कोणत्या सुरू आहेत?" काकाजी शांतपणे म्हणाले, "सुरू आहेत जी, पण त्या बीपीच्या. दाताच्या नाहीत."

काकाजींना हसण्यात अर्थ नाही. वैद्यकाने स्वतःच तोंड हा भाग देहापासून वेगळा काढून दुसऱ्याच्या ओटीत घातला आहे. दात उपटणे हे पूर्वी जगभर न्हाव्याचे आणि बाजारात बसणाऱ्याचे काम. त्याचे पहिले कॉलेज १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे निघाले, तेही वैद्यकाच्या कॉलेजापासून वेगळे. आपल्या देशात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले. आमच्या नागपुराचे उदाहरण घ्या. येथे सरकारी मेडिकल कॉलेज झाले १९४७ साली आणि सरकारी डेंटल कॉलेज १९६८ साली. मधल्या एकवीस वर्षांत लोकांना दात नव्हते असे नाही!

एकदा मात्र लंबक अगदी दुसऱ्या टोकाला गेला होता. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात व्याख्यान देऊन असे मांडले की, तोंडातला पू हे शरीरातल्या असंख्य रोगांचे मूळ आहे. झाले! पुढली वीस-पंचवीस वर्षे संधिवात असो, अशक्तता असो की मनाची उदासी असो, पाश्चात्त्य देशांत धडाधड सगळे दात काढून टाकण्याची लाट आली. हजारो लोक बोळके झाले. संधिवात होता तेथेच राहिला. मग डॉक्टर वरमले, आणि दात आणि देह यांचा संबंध आहे असे म्हणणेच काही काळ अप्रतिष्ठेचे ठरले. आज गाडी मध्यावर आली आहे. संबंध आहे, पण तो 'दात काढा म्हणजे गुडघा बरा होईल' इतका भोळा नाही. पुष्कळदा तो उलट्या दिशेने, म्हणजे देहाकडून आणि औषधाकडून दाताकडे येतो.

सर्वांत साध्या गोष्टीपासून सुरुवात करू, ती म्हणजे लाळ. लाळ या शब्दाला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. पण निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती अहोरात्र दात धूत असते, आंबट मारत असते, झिजलेल्या ठिकाणी कॅल्शियम परत भरीत असते. सर्दी-ॲलर्जीच्या कित्येक गोळ्या, नैराश्यावरची अनेक औषधे, लघवी साफ होण्याच्या आणि लघवी आवरण्याच्या, दोन्ही प्रकारच्या गोळ्या ही लाळ आटवतात. एकेका गोळीने थोडी आटते. पण साठीच्या माणसाला अशा तीन-चार गोळ्या एकदम चालू असतात. मग रात्री तोंडाला कोरड पडते, पोळीचा घास फिरता फिरत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत दात हिरडीपाशी, अगदी मुळाजवळ किडू लागतात. जन्मभर ज्यांना कीड ठाऊक नव्हती त्यांना एकदम पाच-सहा दातांत! त्यात कोरड घालवायला तोंडात खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी धरण्याची सवय असली की बघायलाच नको. अशा वेळी घोट घोट पाणी, साखर नसलेले च्युइंग गम, फ्लोराइडची पेस्ट यांचा उपयोग होतो. आणि गोळी बदलता येईल का, हे ती लिहून देणाऱ्याला विचारता येते. हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही, कारण कोरडेपणा हे दुखणे आहे असेच कुणाला वाटत नाही.

दुसरी गोष्ट हिरड्यांची. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. हुशार, वाचनाची आवड असलेली. पण हसू आले की ओढणी तोंडावर धरायची. मुलींना तो तिचा लाजरेपणा वाटे. तिला लहानपणापासून फेफऱ्याचा आजार होता, आणि त्यावर ती जी गोळी घेत असे तिने तिच्या हिरड्या वाढत जाऊन पुढचे दात निम्मे झाकून टाकले होते. घरी चाललेल्या स्थळांच्या बोलण्यांमुळे तिने मनाशी ठरवले आणि कुणालाही न सांगता गोळी बंद केली. आठवड्याच्या आत जिन्यावर तिला झटका आला. कपाळाला सात टाके पडले. त्याहून अधिक काही झाले नाही हे नशीब.

ते औषध म्हणजे फेनिटॉइन. १९३८ साली ते फेफऱ्यावर वापरात आले आणि दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, त्याने हिरड्या वाढतात अशी नोंद झाली. म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. औषध स्वस्त, गुणकारी, म्हणून आपल्याकडे फार चालते. आणि ते घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांना हिरड्यांचा हा त्रास कमीअधिक होतो. पुढच्या दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण आधी फुगतो आणि मग तो पसरत जातो. दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. दातांवर चिकट थर साचू दिला तर वाढ अधिक होते, हे यातले महत्त्वाचे कलम. म्हणजे ज्याला ही गोळी चालू आहे त्याने इतरांपेक्षा दुप्पट काळजीने दात घासले पाहिजेत. पण हे गोळी देताना कोण सांगतो? त्या मुलीला पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी हळूहळू दुसऱ्या औषधावर आणले, हिरड्या बऱ्याच ओसरल्या आणि उरलेल्या दातांच्या डॉक्टरांनी छाटून नीट केल्या. हे तीन वर्षे आधी होऊ शकले असते. आज ती शिक्षिका आहे.

रक्तदाबावरच्या काही गोळ्याही हेच करतात. निफेडिपिनबद्दल १९८४ पासून लिहिले गेले, आणि आज घरोघरी असलेली अम्लोडिपिनही क्वचित करते. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना दिले जाणारे सायक्लोस्पोरिन तर पुष्कळदा. तेव्हा काकाजींची बीपीची गोळी 'दाताची' नव्हती, हे खरे की खोटे ते आता वाचकांनीच ठरवावे. यातली एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे पुन्हा सांगतो. हिरडी छाटता येते. पक्षाघात झालेला हात परत मिळवणे फार कठीण.

आता मुलांकडे वळू. आज साठीत असलेल्या काही मंडळींच्या पुढच्या दातांवर आडवे, पिवळट-करडे पट्टे दिसतात. कितीही घासले तरी जात नाहीत. लोक म्हणतात, लहानपणी दात घासले नसतील. पण हा दोष ब्रशचा नाही. १९४८ साली ऑरिओमायसिन हे औषध बाजारात आले, टेट्रासायक्लीन घराण्यातले पहिले. ते अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डग्गर यांनी शोधले, आणि त्या प्रयोगशाळेतील संशोधनाचे प्रमुख होते आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे या घराण्यातील औषधांनी लाखो जीव वाचवले, आणि खोकल्यापासून जुलाबापर्यंत सर्वांवर ती मुलांना देण्यात येऊ लागली. हे औषध कॅल्शियमला घट्ट चिकटते. जबड्याच्या आत दात घडत असताना ते पोटात गेले तर दाताच्या अंगातच बसते आणि दात बाहेर येऊन उजेड लागला की पिवळ्याचा तपकिरी होतो. मुलांच्या दातांतील या रंगाविषयी १९५६ पासून वैद्यक मासिकांत लिहून येऊ लागले. सर्वत्र सावधगिरी यायला मात्र बराच काळ गेला.

म्हणून आज आठ वर्षांखालील मुलांना व गर्भवतीला हे औषध सहसा देत नाहीत. येथे एक पुरवणी जोडली पाहिजे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसची साथ आली आणि माणसे दगावली. त्यावरचे हुकमी औषध डॉक्सिसायक्लीन, तेही याच घराण्यातले. ते थोडे दिवस दिल्याने मुलांच्या दातांवर डाग पडत नाहीत असेच अलीकडच्या पाहणीत दिसले आहे. तेव्हा अशा तापात 'दात पिवळे होतील' म्हणून आईने औषध नाकारू नये. दात की जीव, असा प्रश्न तेथे असतो.

दात घडण्याच्या या आठ वर्षांच्या काळात आणखी एक गोष्ट आपला ठसा उमटवते, आणि ती आमच्या विदर्भाची आहे. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की लहानपणी ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे ठिपके आणि मग तपकिरी डाग येतात. याच फ्लोराइडचा अंश पेस्टमध्ये असला तर कीड थांबते! गुण आणि दोष यांत फरक मात्रेचाच. मोठेपणी त्या गावी नोकरीला गेलेल्या मास्तरांच्या दातांवर डाग पडत नाहीत, कारण त्यांचे दात घडून झालेले असतात. त्यांच्या मुलांचे पडतात. मुलगी पाहायला आलेली मंडळी मात्र 'मंजन करीत नाही वाटतं', असे कुजबुजतात. पाण्याचा गुन्हा आणि शिक्षा पोरीला.

मधुमेहाचे तर काय सांगावे! २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. म्हणजे हा लेख ज्या घरांत वाचला जाईल त्यांतल्या पुष्कळ घरांत एखादा तरी असणार. मधुमेह्याचे डोळे तपासतात, पाय तपासतात, लघवी तपासतात. 'आ करा' असे कुणी म्हणत नाही. वास्तविक हॅराल्ड लो या नॉर्वेजियन दंतवैद्याने १९९३ सालीच हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले आहे. हे गृहस्थ मोठे गमतीचे. १९६५ साली त्यांनी डेन्मार्कमधल्या ऑर्हूस येथे, बहुतेक विद्यार्थीच असलेल्या, धडधाकट हिरड्यांच्या बारा जणांना सांगितले, दात घासणे बंद! दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. धडधाकट माणसाची ही कथा, तर ज्याच्या रक्तात साखर वाढलेली, जखम भरायला वेळ लागणारा, त्याची काय होईल? त्याच्या हिरड्यांतून रक्त येते, दात आणि हिरडी यांच्यामध्ये खिसे पडतात, आतले हाड झिजते आणि चाळिशीतच दात हलू लागतात. कित्येकांना मधुमेह असल्याचा पत्ता प्रथम दातांच्या खुर्चीतच लागतो.

आणि हा रस्ता दुहेरी आहे. हिरड्यांतली सूज साखर वाढवते. हिरड्या खोलवर साफ करून घेतल्या तर तीन-चार महिन्यांत 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जो आकडा आपण पाहतो, तो सरासरी ०.४ ने उतरल्याचे अभ्यासांत दिसते. आकडा लहान वाटेल. पण तेवढ्यासाठी आपण एक गोळी वाढवून घेतोच ना?

येथे एक खोच सांगतो. विडी, तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, कारण निकोटिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे आत सडत असूनही वरून सारे आलबेल दिसते. आमच्या भागात खऱ्याचे जे माहात्म्य आहे त्याबद्दल लिहायचे तर स्वतंत्र लेख हवा. सुपारीने तोंड उघडेनासे होण्याच्या रोगावर मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच लिहून ठेवले आहे, आणि त्यानंतरच्या पिढ्याही खरा घोटतच आहेत. मिस्रीने हिरड्या घट्ट होतात असे मानणाऱ्या माउल्याही अजून भेटतात. असो.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती या भागातल्या प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात पुष्कळ आहे. मध्य भारतातल्या या आजारावर शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या विलायती मासिकात लिहिले होते. केंद्र सरकारची त्यावरची मोठी मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, छाती, कंबर यांत भयंकर कळा येतात, हे घरच्यांना माहीत असते. पण अशा पेशी जबड्याच्या हाडात अडकल्या तर? किंवा दाताच्या आत जी नाजूक नस असते, तिला जाणाऱ्या वाहिनीत?

अशा वेळी दाढ ठणकते. रोगी तळमळतो. खालचा ओठ आणि हनुवटी कधी बधिर होते. दातात मात्र खड्डा नाही, कीड नाही, एक्स-रेवर फारसे काही नाही. कारण न पाहता दाढ काढून टाकली, तर दुखणे थांबत नाही. मग शेजारची दाढ! दोन चांगले दात गेले आणि कळ तशीच. उलट, कीड लागून खरोखरच पू झाला असेल तर तो जंतुदोष सिकलसेलच्या रोग्याला कळांचा मोठा झटका आणू शकतो. तेव्हा 'रक्ताचा आजार आहे, दाताला हात लावू नका' असे म्हणून महिनोन्‌महिने थांबणेही तितकेच वाईट. या दोन्ही चुकांमधून सुटायला लागते एकच वाक्य, आणि ते रोग्याने किंवा त्याच्या आईने बोलायचे असते: "डॉक्टरसाहेब, याला सिकलसेल आहे." तपासणीनंतर मिळालेले कार्ड बरोबर असले तर उत्तम. मग डॉक्टर कळा नसलेला दिवस निवडतात, पाणी भरपूर पाजतात, रक्ताच्या डॉक्टरांशी बोलतात आणि मगच हात घालतात. पण हे वाक्य पुष्कळदा उच्चारले जात नाही. कुणाला वाटते दाताशी काय संबंध, आणि कुणाला, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी, ते चारचौघांत बोलायचेच नसते. दवाखान्याच्या बाकावर ओळखीचे कुणी बसलेले असते ना!

गर्भारपणाविषयी दोन शब्द. मूल आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, ही समजूत खोटी. एकदा घडलेल्या दातातून कॅल्शियम असे परत निघत नाही. हिरड्या सुजतात त्या शरीरातील बदलांमुळे, आणि दात बिघडतात ते ओकाऱ्यांतील आंबटाने व घासायचा कंटाळा केल्याने. ओकारी झाल्यावर लगेच ब्रश न लावता आधी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरावी. दम्याचा पंप घेणाऱ्यानेही प्रत्येक वेळी चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. लोहाच्या औषधाने मुलांचे दात काळे पडतात, ते वरवरचे असते, निघून जाते. झोपताना दिलेले गोड सिरप मात्र खरी कीड लावते. ठणकत्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरणारे शूर वीर अजून आहेत. त्याने दाढ राहते तशीच आणि हिरडी भाजून पांढरी पडते. लवंगेचे तेल नुसते चोळले तरी तेच.

शेवटचा मुद्दा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. हृदयात स्टेंट बसवलेले गृहस्थ दात काढायच्या आधी शेजाऱ्याच्या सल्ल्याने आठ दिवस ॲस्पिरिन बंद करून येतात. दात काढताना येणारे रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येते, म्हणून आता साध्या दातासाठी ती बहुधा बंद करीत नाहीत; स्टेंट बंद पडला तर बोळा कुठे दाबणार? वॉरफेरिन चालू असेल तर आधी रक्ताची तपासणी लागते, आणि सुजेवर सर्रास मिळणारे मेट्रोनिडाझोल त्याच्या जोडीला घेतले तर रक्त धोक्याइतके पातळ होते. हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा कर्करोगासाठी तसले इंजेक्शन घेणाऱ्यांत दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून न येण्याचा प्रकार २००३ पासून नोंदला गेला. गोळीने तो क्वचित होतो, इंजेक्शनाने अधिक. म्हणून ते सुरू होण्याआधीच दात पाहून घ्यावेत.

तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्या पिशवीत टाकून न्याव्यात. यात एक अडचण येते. आपण दुकानातून दहाच्या दहा गोळ्या घेत नाही. चार द्या, सहा द्या, म्हणतो, आणि दुकानदार पट्टी कापताना नाव असलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो. आपल्या हाती येते ती बिननावाची चकाकती पट्टी, आणि 'ती गोल, पिवळी' एवढेच आपल्याला सांगता येते. पुढल्या खेपेस नावाच्या बाजूच्या गोळ्या मागून घ्याव्यात, आणि तो तुकडा पट्टी संपेपर्यंत डब्यात जपून ठेवावा.